कामकाजातील ध्यान

रोजची कामे न सोडता, त्यांच्याच आधाराने लक्ष एका जागी ठेवण्याचा आणि ते सुटले की परत आणण्याचा सराव. पातंजल योगसूत्रांत (3.2) एकाच विषयाकडे सलग वाहणाऱ्या जाणिवेला ध्यान म्हटले आहे. बौद्ध सतिपट्ठान सुत्त चालणे, उभे राहणे, बसणे, निजणे या चारही अवस्थांत, अगदी जेवताना-बोलतानाही, सावध राहायला सांगते.

कोकणात योग आणि बौद्ध या दोन्ही धारा जुन्या आहेत. दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजीच्या 29 लेण्यांत बौद्ध आणि पुढच्या काळातील नाथपंथी साधकांच्या खुणा शेजारी-शेजारी दिसतात. नाथपरंपरेतील सोऽहम् साधना रत्नागिरीजवळच्या पावस येथील स्वामी स्वरूपानंद (1903–1974) यांच्यामुळे अनेक घरांत पोचली. श्वास आत येताना मनात ‘सो’, बाहेर जाताना ‘हम्’. ओठ हलत नाहीत, माळ लागत नाही, म्हणून हात कामात असतानाही ती चालते.

‘रोज पहाटे पाचला बसा’ हा सल्ला किनाऱ्यावर फार टिकत नाही. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते आणि होडी पाण्यात लोटण्याची वेळही तिच्याबरोबर सरकते. म्हणून ध्यान घड्याळाला न बांधता कामाला बांधावे: चहाआधी, जाळे उचलण्याआधी, गोठ्यातून परतल्यावर.

मूळ बैठक 10 मिनिटांची पुरते. पडवीत घोंगडीची घडी करून कुल्ले गुडघ्यांपेक्षा तीन-चार बोटे उंच ठेवावेत; नाहीतर कंबर गोल होते आणि पाय लवकर मुंग्या धरतात. सोडलेला प्रत्येक श्वास 1 ते 10 मोजावा आणि पुन्हा 1 पासून सुरुवात करावी. आकडा 13-14 वर गेलेला आढळला तर मोजणी चालू होती, लक्ष मात्र कधीच निघून गेले होते. तेव्हा चिडू नये, 1 वर यावे. ते परत येणे हाच सराव आहे. मन कोरे होण्याची वाट पाहत बसणारे बहुतेक आठवडाभरात कंटाळतात. श्वास मुद्दाम खोल ओढला तर गरगरते. तो जसा येतो तसाच येऊ द्यावा.

कामांत सर्वांत चांगले जाळ्याचे. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीत होड्या शाकारून ठेवलेल्या असतात आणि फाटकी जाळी पडवीत येतात. फाटलेली कड पायाच्या अंगठ्यात ताणून धरायची, सुईने दोरा फिरवायचा, आणि गाठ आवळताना श्वास सोडायचा. वीसेक गाठी झाल्या की हात थांबवून जबडा आणि खांदे आवळलेत का ते पाहावे. लक्ष भरकटले की गाठ सैल बसते किंवा जाळ्याचे घर लहान-मोठे होते. चूक अशी तिथल्या तिथे बोटाला लागते, हे सुख डोळे मिटून बसण्यात नाही. भातलावणीतही दोन-तीन रोपे चिखलात रोवताना बोटांच्या टोकांवर लक्ष ठेवता येते, पण ओणव्या पाठीला दुखू लागल्यावर ते तिकडेच जाते. मग पाठीचे दुखणेच विषय करावा, किंवा सरळ उभे राहावे.

पाखाडी (जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट) चढताना श्वास पावलांशी जुळवू नये, चढावर धाप लागते. टाच, तळवा, बोटे असा पावलाचा स्पर्श घ्यावा. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते, त्यामुळे डोळे उघडे आणि नजर पुढच्या पायरीवर हवी.

माडावर चढलेले असताना, कोयता चालवताना किंवा वाहन हाकताना जप, मोजणी काही करू नये. तिथे सगळे लक्ष कामावरच लागते. दुपारी भात-आमटीनंतरची बैठक झोपेत जाते. बसायचेच तर तासाभराने, वारा येईल अशा जागी. बसल्यावर भीती किंवा बेचैनी वाढतच गेली तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी आले की घरात बसायला कोपरा उरत नाही. त्या दिवसांत बैठक सोडून द्यावी आणि विहिरीवर प्रत्येक कळशी वर आल्यावर, ती कमरेवर घेण्याआधी, तीन श्वास मोजावेत.