उभयचर चिलखती गाडीचे सुटे भाग अमेरिकी सैन्याला पुरवायचे असतील तर: नोंदणी, पात्रता, कागदपत्रे

समुद्रातून थेट किनाऱ्यावर चढणाऱ्या एएव्ही-७ या साखळीपट्ट्यांच्या गाडीची मूळ आवृत्ती १९७२ मध्ये अमेरिकी मरीन कोअरकडे आली. आता तिची जागा एसीव्ही या नव्या आठ चाकी उभयचर गाडीने घेतली आहे. पण एएव्ही ब्राझील, इटली, स्पेन, थायलंड, जपान अशा अनेक देशांकडेही गेली, त्यामुळे भागांची गरज लगेच संपणारी नाही.

सुरुवात अर्जापासून करू नका, भागाच्या नंबरापासून करा. प्रत्येक भागाला तेरा अंकी राष्ट्रीय साठा क्रमांक असतो. पहिले चार अंक वर्ग सांगतात. २५३० म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, चाकं आणि साखळीपट्ट्यांचे भाग. त्यानंतर खरेदी पद्धतीचा कोड पाहा. ‘१जी’ असेल तर ड्रॉइंग सरकारकडे पूर्ण आहे आणि स्पर्धा खुली आहे. कोड ३ ने सुरू होत असेल तर खरेदी थेट मूळ उत्पादकाकडूनच होते, मग मंजूर पुरवठादार होण्यासाठी वेगळा अर्ज आणि बहुतेकदा नमुन्याची चाचणी. माझं मत विचाराल तर नवख्याने ‘१जी’वरच हात बसवावा.

नोंदणी ‘सॅम डॉट गव्ह’ या अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावर, एक पैसाही न भरता होते. फी मागणारा फोन आला तर खुशाल ठेवून द्या. इथे बारा अक्षरी यूईआय क्रमांक (कंपनीची ओळख) मिळतो, नंतर पाच अक्षरी केज कोड (पुरवठादाराचा सरकारी संकेतांक). अमेरिकेबाहेरच्या कंपनीने आधी एनकेज कोड (केजचाच परदेशी कंपन्यांसाठीचा प्रकार) काढावा लागतो. लागतं काय? कंपनी स्थापनेचा दाखला, पत्त्याचा पुरावा, बँकेचा तपशील आणि अमेरिकी कंपनी असेल तर करदाता क्रमांक. गाडी अडते ती नावात. दाखल्यावर ‘अँड’ आणि वीजबिलावर त्याचं चिन्ह, एवढ्याशा फरकावरून अर्ज परत येऊ शकतो. म्हणून सगळे कागद एका टेबलावर मांडून नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. नोंदणी वर्षभरच टिकते, नूतनीकरण विसरलात तर कोटेशन बाद.

ड्रॉइंग बघायचं असेल तर खरी चाळण इथे लागते. निर्यातीवर नियंत्रण असलेल्या आरेखनांसाठी डीडी २३४५ हा फॉर्म भरून जेसीपी (अमेरिका-कॅनडाचा संयुक्त प्रमाणन कार्यक्रम) प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते फक्त अमेरिका आणि कॅनडातल्या कंपन्यांना मिळतं. बाहेरच्या कारखान्याला अमेरिकी मुख्य कंत्राटदाराच्या हाताखाली काम करावं लागतं, आणि त्यासाठीही परवाना हवा. नुसतं ड्रॉइंग ईमेलने परदेशी पाठवणं हीसुद्धा कायद्याने निर्यातच ठरते. अमेरिकेत लष्करी भाग बनवणाऱ्याने एकही नग परदेशी पाठवला नाही, तरी परराष्ट्र खात्याकडे डीएस-२०३२ फॉर्मने नोंदणी करणं बंधनकारक आहे. ही गोष्ट बऱ्याच वर्कशॉपवाल्यांच्या गावीही नसते.

मालासोबतचे कागदही तेवढेच महत्त्वाचे: धातू कुठे वितळवला याचं प्रमाणपत्र (विशेष पोलाद, टायटॅनियम अमेरिकेत किंवा मान्य देशात वितळवलेलं हवं), तपासणी अहवाल, आणि मिल-स्टँडर्ड १२९ (लष्करी मालावरच्या खुणांचं मानक) प्रमाणे पेटीवरचं लेबल.

रबराच्या एका सीलसाठी एवढं कशाला, असं वाटेल. ३० जुलै २०२० रोजी कॅलिफोर्नियाच्या सॅन क्लेमेंटी बेटाजवळ एक एएव्ही बुडाली. सोळांपैकी नऊ जण दगावले, आठ मरीन आणि एक नौसैनिक. गाडीची देखभाल नीट नव्हती, ट्रान्समिशन निकामी झालं आणि सीलमधून पाणी आत येत राहिलं, असं चौकशीत निघालं. तेव्हापासून पेटी उघडणारा सगळ्यात आधी आतला दाखला शोधत असेल, तर त्याला दोष देता येत नाही.