आधी टँकर, मग होडी : कृष्णा खोऱ्यातील दुष्काळ-महापुराची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यानंतरच्या काही महिन्यांत सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली आणि वैरण-पाण्यासाठी माणसेही जनावरांबरोबर तिथेच मुक्कामाला आली. जून उजाडला तरी पाऊस लांबलेलाच होता. मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, म्हसवडपासून शंभरएक किलोमीटरवरच्या सांगलीत, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली इशारा पातळी ४० फुटांची आणि धोका पातळी ४५ फुटांची. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. टँकर आणि होडी एकाच खोऱ्यात, काही आठवड्यांच्या अंतराने लागल्या.

या प्रदेशाचा नकाशा पाहिला तर यात अचंबा वाटत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला उतरत गेले की माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात तो पाचशेच्या आसपास येतो, आणि वाईट वर्षी त्याहून कितीतरी कमी. एकट्या सांगली जिल्ह्यात चांदोली धरणाच्या कुशीतला शिराळा आहे आणि कर्नाटकच्या सीमेवरचा जतही आहे. माणगंगा भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. म्हणजे कोरडी गावे आणि बुडणारी गावे शेवटी एकाच नदीची आहेत.

दोन्हीकडच्या माणसांनी आपापल्या परीने जगण्याची रीत बसवली होती. माणदेशातली माणसे पाऊस हुकला की 'जगायला' बाहेर पडत. मेंढपाळ कळप घेऊन निघत. खानापूर-आटपाडी भागातली पोरे सोने-चांदी गाळण्याचा, म्हणजे गलाईचा, धंदा शिकून देशभर पसरली. आज दूरदूरच्या शहरांतल्या सराफ कट्ट्यांवर विटा-आटपाडीचे लोक भेटतात, त्यामागे पाऊसमानाचा मोठा वाटा आहे. नदीकाठी पूर हा पावसाळ्याचाच भाग होता. नृसिंहवाडीत पाणी मंदिरात शिरले की उत्सवमूर्ती वर हलवतात आणि पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडू लागले की भाविक दक्षिणद्वार सोहळ्याचे स्नान करतात. पूर येणार आणि ओसरणार, मागे गाळाची मळी ठेवून जाणार, हे गृहीत होते. ते गृहीत पुढे मोडले.

सरकारी उपायांची सुरुवात १८७६-७८ च्या दुष्काळात शोधावी लागते. दख्खनमध्ये तेव्हा हजारो माणसे खडी फोडायला आणि तलाव खोदायला आली. ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी मजुरी इतकी खाली आणली की १८७७ मध्ये मजुरांनी कामावर बहिष्कार घातला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. माण आणि आटपाडीच्या सीमेवरचा राजेवाडीचा, म्हणजेच म्हसवडचा, तलाव हे त्याच दुष्काळी कामांचे अपत्य. भुकेल्या माणसाला काम द्यायचे आणि त्या कामातून पाणी अडवायचे, ही जोडी तिथून पुढे शंभर वर्षे टिकली.

१९७२ ने ती जोडी कायद्यात आणली. ओळीने काही वर्षे पावसाने दगा दिला होता. धान्य इतके कमी की बाहेरून आलेला लाल मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी, लोकांनी खाल्ली. दुष्काळात वाटलेला सुकडी हा पूरक आहार खाऊन वाढलेली पिढी आजही ती चव विसरलेली नाही. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी आपल्या भागात आधीच मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. तो रोजगार हमी योजनेचा पाया ठरला. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पुढे देशाच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याला याच वाटेने जाता आले. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशी कितीतरी कामे यातून झाली. पुरासाठी मात्र अशी कोणतीही कायमची व्यवस्था उभी राहिली नाही. दुष्काळाला कायदा मिळाला आणि पुराच्या वाट्याला पंचनामे आले, आणि हा फरक मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत महागात पडलेला फरक वाटतो.

दरम्यान नदीवर धरणे उभी राहत होती. कोयना विजेसाठी बांधली गेली. तिची साठवण सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्यातले ६७.५ टीएमसी पाणी वीज करून पश्चिमेला, कोकणात सोडले जाते. राज्यांमधला पाणीतंटा सोडवण्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७३ मध्ये कृष्णेच्या पाण्यातले ५६० टीएमसी महाराष्ट्राला दिले आणि ३१ मे २००० नंतर वाटपाचा फेरविचार होऊ शकेल असे ठरवले. ती तारीख जवळ येऊ लागली तसा हक्काचे पाणी वापरून दाखवण्याचा घोर लागला, आणि १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांनी वेग घेतला तो या काळात.

पण त्या केवळ महामंडळाच्या नव्हेत. गिरणी संपानंतर मुंबईहून गावी परतलेल्या कामगारांसह खानापूर तालुक्यातल्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. येरळेतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी वाळूवर आपला हक्क सांगितला, त्या पैशातून बळीराजा धरण बांधले आणि पाणी जमिनीच्या मापावर न वाटता घरटी वाटायचे ठरवले. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा! त्यानंतर १९९३ पासून आटपाडीत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने पाणी परिषदा भरू लागल्या, भारत पाटणकर त्यात होते, आणि समन्यायी पाणीवाटपाची मागणी तेरा दुष्काळी तालुक्यांची मागणी झाली. आज आटपाडीत टेंभूचे पाणी दिसते त्यामागे हे मोर्चे आहेत. उपशाच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्याने उचलायचा, हे सूत्रही त्याच रेट्यातून आले.

मग पुराचे काय? २००५ मध्ये सांगलीत पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले, तेव्हा ते शतकातून एकदा घडणारे संकट मानले गेले. त्यानंतर २०१९ आले आणि २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५४ फुटांपलीकडे गेले. त्याच २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळल्या. सांगलीत बहुतेकांचे बोट कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याकडे, म्हणजे धरणामागे तुंबणाऱ्या पाण्याकडे, असते. नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने २०१९ च्या पुराचा अभ्यास केला. तिने अलमट्टीला मुख्य कारण मानले नाही. थोड्या दिवसांत कोसळलेला प्रचंड पाऊस आणि नदीपात्रातली अतिक्रमणे यांवर तिचा भर होता. अलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४ मीटरच्या वर नेण्याचा कर्नाटकाचा आग्रह असल्याने हा वाद थांबलेला नाही, आणि काठावरच्या माणसाची भीती मला निराधार वाटत नाही.

त्या वादात एक गोष्ट मागे पडते. आपली धरणे सिंचन आणि विजेसाठी आखलेली आहेत. पूर पोटात घ्यायला त्यांच्यात वेगळी जागा राखलेली नाही. दुष्काळाने पोळलेल्या राज्यात ऑगस्टमध्ये धरण मोकळे ठेवण्याची हिंमत कोण करणार? पुढे पाऊस आला नाही तर जाब त्या अधिकाऱ्यालाच विचारला जातो. म्हणून धरण लवकर भरून घेतले जाते आणि नेमका त्यानंतर मोठा पाऊस आला की विसर्ग वाढवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मागच्या दुष्काळाची भीती पुढच्या पुरात अशी उतरते. खाली पूररेषेच्या आत वस्त्या वाढलेल्या असतात आणि ओढे-नाले बुजवलेले असतात, त्यामुळे पाण्याला पसरायला जुनी जागाही सापडत नाही.

२०१९ नंतर पुराचे पाणी उचलून दुष्काळी भागात नेण्याची कल्पना जोरात पुढे आली. अलीकडच्या काही पावसाळ्यांत म्हैसाळ-ताकारीचे पंप पूरकाळात सुरू झाले आणि पूर्वेकडचे तलाव त्यातून भरले, हे चांगलेच झाले. फक्त त्याने सांगली वाचेल असे कुणी सांगू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये अलमट्टीतून पाच लाख क्युसेकहून (सेकंदाला घनफूट) अधिक पाणी सोडले जात होते. म्हणजे दिवसाला ४३ टीएमसी. टेंभूची वर्षभराची मूळ मंजुरी २२ टीएमसीच्या आसपास आहे. पुराचे तेवढे पाणी अर्ध्या दिवसात वाहून जाते. जतच्या पूर्व भागाला हा हिशेब सांगायची गरज नाही, त्यांना तलाव भरण्याइतके पाणी हवे आहे. सीमेवरच्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी त्या गावांवर दावा सांगितला, आणि त्यानंतर विस्तारित म्हैसाळ योजनेच्या मंजुरीला एकदम गती आली.