कानात गेलेले पाणी मेंदूत साचते का?

तापी-गिरणेत डुंबताना कानात गेलेले पाणी मेंदूत साचते आणि त्यालाच ‘डोक्यात पाणी होणे’ म्हणतात, असा संदेश खानदेशात वर्षानुवर्षे फिरतो आहे. कानात पाणी गेल्यावर डोके जड वाटते, त्यामुळे तो पटणे स्वाभाविक आहे. परंतु कानाचा शाबूत पडदा पाणी अडवतो, आणि पडदा फाटलेला असला तरी त्यापलीकडची पोकळी घशाकडे उघडते, मेंदूकडे नाही.

मेंदूत द्रव असतो तो मुळातच. त्याच्या चारही पोकळ्यांत रक्तवाहिन्यांचे झालरीसारखे पुंजके असतात आणि त्यांवरील पेशी रक्तातून निवडक घटक घेऊन हा द्रव तयार करतात. प्रौढ माणसात एका वेळी तो सुमारे १५० मिलिलिटर असतो. दिवसाला तयार मात्र साधारण ५०० मिलिलिटर होतो, म्हणजे सतत नवा येतो आणि जुना रक्तात शोषला जातो. पोकळ्यांच्या अस्तरावरचे सूक्ष्म, हलते केस त्याला पुढे सरकवण्यास मदत करतात. वाट अडली किंवा शोषण मंदावले की द्रव साचतो आणि सीटी स्कॅनमध्ये पोकळ्या फुगलेल्या दिसतात.

ज्यांच्या घरी मटण चालते, त्यांनी बोकडाचा भेजा आणल्यावर दोन अर्धांमधली फट हळूच रुंदावून खालचा पांढरा पट्टा कापावा. बाजूच्या पोकळीत ती लालसर, मऊ झालर नुसत्या डोळ्यांनी दिसते.