मल्टिकोर प्रोसेसर

एकाच चिपवर दोन किंवा अधिक स्वतंत्र कोर (सूचना स्वतः पार पाडणारी गणनकेंद्रे) असलेला प्रोसेसर. प्रत्येक कोरचे गणनविभाग, रजिस्टर (चालू गणनेतील मूल्ये ठेवण्याच्या जागा) आणि पहिल्या पातळीची कॅश (वारंवार लागणारा डेटा जवळ ठेवणारी छोटी, वेगवान मेमरी) वेगळी असते; शेवटच्या पातळीची कॅश व मेमरी कंट्रोलर बहुधा सामाईक असतात. आयबीएमने २००१ मध्ये दोन कोरचा पॉवर४ सर्व्हरसाठी आणला. इंटेल आणि एएमडी यांचे असे डेस्कटॉप प्रोसेसर २००५ मध्ये आले.

एका कोरचा वेग वाढवण्याऐवजी कोर वाढवण्याच्या या बदलाचे मूळ उष्णतेत आहे. ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना लागणारी वीज ही कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता), व्होल्टेजचा वर्ग आणि वारंवारता (दर सेकंदाचे ठोके) यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. ट्रान्झिस्टर लहान होत गेले, पण विद्युतगळतीमुळे व्होल्टेज पूर्वीसारखे उतरवता येईना; त्यामुळे वारंवारता वाढवली की उष्णता वाढे. पेंटियम ४ ची ४ गिगाहर्ट्झची आवृत्ती इंटेलने २००४ मध्ये रद्दच केली.

समजा, कोरची वारंवारता २५ टक्के व व्होल्टेज २० टक्के कमी केले. वीज ०.८ × ०.८ × ०.७५, म्हणजे ०.४८ पट लागेल. असे दोन कोर ०.९६ पट विजेत दीडपट काम करू शकतात. बचत होते ती व्होल्टेज उतरल्यामुळे; नुसते कोर वाढवून ती होत नाही.

शिवाय काम वाटता आले पाहिजे. संगणक-रचनाकार जीन ॲमडाल यांच्या १९६७ च्या मांडणीनुसार १० टक्के काम क्रमानेच करावे लागत असेल, तर ८ कोरवर वेग फार तर ४.७ पट होतो आणि कितीही कोर लावले तरी १० पटीपुढे जात नाही.

प्रत्यक्षात याहून फसवा अडथळा कॅशचा. इंटेल व एएमडीच्या प्रोसेसरांत कॅशची एक ओळ (एकत्र हलवला जाणारा डेटाचा तुकडा) ६४ बाइटची असते. दोन थ्रेडचे (प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांचे) वेगवेगळे काउंटर एकाच ओळीत आले, तर प्रत्येक लेखनासाठी ती ओळ एका कोरकडून दुसऱ्याकडे खेचली जाते. उत्तरे बरोबर येतात, म्हणून दोष लक्षात येत नाही. प्रोग्रॅम मात्र एका थ्रेडपेक्षाही संथ चालू शकतो. उपाय सोपा : प्रत्येक थ्रेडने स्थानिक चलात बेरीज करावी आणि शेवटी एकदाच सामाईक बेरजेत मिळवावी. १, २, ४, ८ थ्रेडवर वेळ मोजावा; तो कमी होणे लवकर थांबले, तर आधी कॅशच्या ओळीवरची ही टक्कर आणि मेमरीची बँडविड्थ (डेटा पुरवण्याचा वेग) तपासावी.

प्रोसेसरांची रचना करणाऱ्या आर्म कंपनीने २०११ मध्ये मोठे व छोटे कोर एकत्र वापरण्याची रचना जाहीर केली. हलकी कामे छोट्या कोरवर चालतात आणि रिकाम्या कोरची वीज तोडता येते. अशा चिपवर कामाचे समान तुकडे करू नयेत, कारण वेगवान कोर आपला वाटा संपवून छोट्यांची वाट पाहत बसतात. तुकडे लहान ठेवून, जो कोर मोकळा होईल त्याला पुढचा द्यावा.