ऑनलाइन हायस्कूलचा निकाल वाचताना

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या सरकारी ऑनलाइन हायस्कूलचं प्रगतिपत्रक राज्याच्या संकेतस्थळावर उघडलं, की ग्रॅज्युएशन रेट, म्हणजे हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, बरेचदा सत्तर टक्क्यांच्या खालीच दिसतो. २०२१-२२ साली देशाची सरासरी ८७ टक्के होती. मग शाळेत शिकवतच नाहीत का? ते ठरवण्याआधी हा आकडा कसा तयार होतो ते पाहावं लागतं.

आपल्या दहावीच्या निकालात परीक्षेला बसलेल्यांपैकी किती पास झाले ते मोजतात. अमेरिकेत नववीत पहिल्यांदा आलेल्यांपैकी चार वर्षांत किती जणांना नियमित डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचा दाखला, मिळाला, ते मोजतात. एकाच वर्षी नववीत आलेल्यांची ही एक तुकडी. मधे दाखल झालेला विद्यार्थी तुकडीत मिळवायचा, दुसऱ्या शाळेत गेलेला वजा करायचा. पण तो गेल्याचा लेखी पुरावा हवा. पुरावा नसेल, तर त्याची नोंद गळतीत. डिप्लोमाऐवजी समकक्ष परीक्षेची वाट धरलेला विद्यार्थीही छेदात राहतो, अंशात येत नाही.

ऑनलाइन शाळेला हे जड जातं, कारण तिथे बरीच मुलं अकरावी-बारावीत येतात आणि अनेकदा आधीच्या शाळेत क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर खात्यात जमा होणारे श्रेयांक) कमी पडल्यामुळेच येतात. समजा, डिप्लोमाला २४ क्रेडिट लागतात आणि मुलगी अकरावीच्या सुरुवातीला फक्त ६ घेऊन आली. उरलेली १८ तिला दोन वर्षांत मिळवायची आहेत, म्हणजे दीडपट वेगाने. शाळा बदलली म्हणून तुकडीचं वर्ष पुढे सरकत नाही. ती पाचव्या वर्षी डिप्लोमा घेऊन बाहेर पडली, तरी चार वर्षांच्या आकड्यात नापासच.

त्यात संख्या लहान. ४० जणांच्या तुकडीतले २८ जण पार झाले तर ७० टक्के. दोघं आणखी अडकले की ६५. २०१५च्या केंद्रीय कायद्यानुसार एक तृतीयांश किंवा जास्त मुलं अडकली, तर शाळा सुधारणेच्या यादीत जाते. म्हणजे शिक्का बसायला दोन मुलं पुरतात! संख्याशास्त्राच्या हिशेबाने ४० जणांच्या ७० टक्क्यांभोवती सुमारे १४ टक्के इकडे-तिकडे निव्वळ योगायोगाने होऊ शकतं. तीन वर्षांचे १२० विद्यार्थी एकत्र धरले, तर हा फरक आठवर येतो. शंभरापेक्षा कमी पटाच्या हायस्कूलना सुधारणा-कार्यक्रमातून सूट द्यायची मुभा याच कायद्यात आहे, ती उगाच नाही.

परीक्षेचा आकडा आणखी फसवा. मुलं राज्यभर विखुरलेली, राज्याची परीक्षा मात्र बहुधा केंद्रावर जाऊन द्यायची. ६० पात्र मुलांपैकी ४५ आली, २७ पास झाली. साधा हिशेब ६० टक्के सांगतो. पण कायद्याप्रमाणे छेद किमान ९५ टक्के पात्र मुलांचा, म्हणजे ५७. टक्केवारी ४७वर घसरते.

आता मुलं कोण आहेत ते. गरिबीचं प्रमाण बहुतेक ठिकाणी मोफत किंवा सवलतीच्या जेवणावरून काढतात: दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत सवलत. ऑनलाइन शाळेत जेवणघरच नाही, मग पालक फॉर्म कशाला भरतील? कागदावर शाळा खरी आहे त्यापेक्षा सुखवस्तू दिसते. वांशिक गटांच्या रकान्यांत बरेचदा आकड्याऐवजी नुसती चांदणी (*) असते, कारण गट फार लहान असला (अनेक राज्यांत दहाहून कमी), तर ओळख उघड होऊ नये म्हणून आकडा झाकतात. एकच गट झाकला, तर बेरजेतून तो काढता येतो, म्हणून दुसराही झाकावा लागतो. अशा तक्त्यावरून ‘अमुक वंशाची मुलं मागे’ म्हणणं म्हणजे अंदाजपंचे.

तरी सगळा दोष मोजपट्टीचा नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्रेडो या संशोधन केंद्राच्या २०१५च्या अभ्यासाने ऑनलाइन चार्टर शाळांतल्या (सरकारी पैशावर चालणाऱ्या, पण कारभार स्वतंत्र असलेल्या) मुलांची तुलना तोच वंश, तशीच आर्थिक स्थिती आणि आधीचे तसेच गुण असलेल्या नेहमीच्या शाळांतल्या मुलांशी केली. १८० दिवसांच्या वर्षात ऑनलाइन मुलं वाचनात ७२ आणि गणितात तब्बल १८० दिवसांच्या शिकण्याइतकी मागे निघाली. ती शाळा का बदलतात, हे या जुळणीत मावत नाही. पण गणितातली एवढी मोठी दरी त्यावर ढकलून मोकळं होता येत नाही.

प्रवेश घेताना पालकांनी शाळेकडे पाच आणि सहा वर्षांचा ग्रॅज्युएशन रेट मागावा, आणि नववीपासून तिथेच असलेल्या मुलांचा आकडा वेगळा.