डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर: ७७ उचलण्या आणि एक ओहोटी

इंग्लंडमधल्या डिव्हायझेस गावच्या धक्क्यावरून निघायचं आणि वल्हवत लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलापाशी पोचायचं. अंतर १२५ मैल, म्हणजे २०१ किलोमीटर. ईस्टरच्या सुट्टीत होणाऱ्या या शर्यतीत उतरतात ती बहुतेक नोकरीधंदा सांभाळून सराव करणारी हौशी मंडळी.

मुळात ही पैज होती. अन्न आणि तंबूचं सामान नावेतच घेऊन १०० तासांच्या आत वेस्टमिन्स्टर गाठलं, तर स्थानिक स्काउटांना देणगी मिळणार होती. १९४८ च्या ईस्टरला डिव्हायझेसच्या चार रोव्हर (म्हणजे वयाने मोठ्या) स्काउटांनी ते ८९ तास ५० मिनिटांत केलं. १९५० पासून त्याची दरवर्षीची शर्यत झाली.

पहिला टप्पा, साधारण ५४ मैल, केनेट-एव्हन कालव्याचा. १८१० मध्ये पुरा झालेला हा कालवा पुढे रेल्वे कंपनीच्या ताब्यात गेला आणि दुर्लक्षित राहिला. शर्यत सुरू झाली तेव्हा गाळ आणि पाणगवत यांतून वाट काढावी लागे. दुरुस्त होऊन तो सलग खुला झाला तो थेट १९९० मध्ये. पण लॉक, म्हणजे पाण्याची पातळी चढवणारे-उतरवणारे दरवाजांचे हौद, चालू झाले म्हणून उचलाउचल संपली नाही. हौद भरेपर्यंत थांबायला वेळ कुणाला? नाव काढायची, खांद्यावर घ्यायची आणि पलीकडे पाण्यात सोडायची. रेडिंगनंतर वाट थेम्स नदीत शिरते, तिथेही तेच. अशा ७७ उचलण्या. प्रत्येकीत २० सेकंद वाचले तर एकूण २५ मिनिटं ४० सेकंद हाती लागतात. म्हणून सराव वल्हवण्याइतकाच नावेतून चढ-उताराचाही होतो. घाईत नाव तिरकी सोडली की सुकाणू काठाच्या दगडावर आपटून वाकतं. गारठ्यात वल्हं आवळून धरलं की मनगटाचे स्नायुबंध सुजतात, आणि मग पहाटे मूठ उघडत नाही.

खरी गोम टेडिंग्टनला आहे. तिथून पुढचे १७ मैल थेम्सला भरती-ओहोटी असते. ओहोटीवर बसलात तर पाणीच लंडनकडे नेतं. उशीर झाला तर भरती छातीवर. म्हणून सलग, म्हणजे मुक्काम न करता होणाऱ्या, शर्यतीत सगळे एकदम सुटत नाहीत. टेडिंग्टनच्या भरतीची वेळ बघायची, आपला वेग प्रामाणिकपणे धरायचा आणि उलटं मोजत शनिवारची सुटायची वेळ ठरवायची. संथ जोडी सकाळी लवकर, वेगवान उशिरा. वेग फुगवून धरणाऱ्याला ओहोटी हुकते. लवकर पोचणाराही सुटत नाही: पाणी वळेपर्यंत ओल्या कपड्यांत कुडकुडत बसायचं, आणि आखडलेले खांदे घेऊन पुन्हा नावेत शिरायचं.

हे गणित १९७९ मध्ये ब्रायन ग्रीनहॅम आणि टिम कॉर्निश यांना साधलं: १५ तास ३४ मिनिटं १२ सेकंद.