फाइल जात नाही? आधी लॉगमधले तीन आकडे बघा

शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या ज्या ग्राहकांकडे आम्ही एफटीपी सर्व्हर (फाइली पाठवण्या-घेण्याचा सर्व्हर) बसवून दिला आहे, त्यांच्यासाठी.

एफटीपीला दोन कनेक्शन लागतात. पोर्ट २१ वरच्या कंट्रोल कनेक्शनवर फक्त हुकूम आणि उत्तरे जातात, तीही साध्या मजकुराच्या ओळींत. फाइल दुसऱ्या कनेक्शनने जाते, फोल्डरची यादीसुद्धा. म्हणूनच हे दुसरे कनेक्शन अडले की लॉगिन होते, पण समोर रिकामे फोल्डर दिसते.

लॉगमध्ये (एफटीपी प्रोग्रॅममधल्या नोंदींत) सर्व्हरचे प्रत्येक उत्तर तीन आकड्यांनी सुरू होते. २ ने सुरू झाले तर काम झाले, ३ म्हणजे अजून काही हवे आहे (३३१ आला की पासवर्ड), ४ म्हणजे थोड्या वेळाने पुन्हा करा. ५ असेल तर तेच बटण पुन्हा दाबून उपयोग नाही. ५३० ला पासवर्ड तपासा, ५५० ला फाइलचे नाव किंवा परवानगी.

खरी गडबड २२७ च्या ओळीत असते. फाइलसाठी कुठे जोडायचे ते सर्व्हर इथे सांगतो; या पद्धतीला पॅसिव्ह म्हणतात. उदाहरणार्थ:

२२७ (१९२,१६८,१,२५,१९५,८०)

पहिले चार आकडे सर्व्हरचा पत्ता, शेवटचे दोन पोर्ट: १९५ × २५६ + ८० = ५००००. पण १९२.१६८ हा कारखान्याच्या आतला पत्ता. पुण्यातला पार्टीचा माणूस तिथे पोचणार कसा? सर्व्हरच्या पॅसिव्ह सेटिंगमध्ये बाहेरचा आयपी (इंटरनेटवरून दिसणारा पत्ता) भरा, पोर्टची रेंज ठरवा (समजा ५०००० ते ५०१००) आणि तीच रेंज राउटरमध्ये उघडा. नुसते २१ उघडून भागत नाही.

'टीएलएस (कनेक्शन गुप्त ठेवणारे कुलूप) चालू केल्यावरच बंद पडले' याचेही मूळ बहुधा हेच. काही राउटर ही ओळ वाचून पत्ता गुपचूप दुरुस्त करतात. टीएलएसमध्ये त्यांना ती वाचता येत नाही. पण तेवढ्यासाठी टीएलएस बंद करू नका, नाहीतर पासवर्ड उघडा जातो.

मोठी फाइल जाताना कंट्रोल कनेक्शन गप्प असते आणि राउटर ते तोडू शकतो. पट्टी १०० टक्के दिसली तरी २२६ (ट्रान्सफर पूर्ण) आल्याशिवाय फाइल पोचली असे धरू नका; दोन्हीकडचा आकार जुळवा. आकारच वेगळा आला, तर ट्रान्सफर टाइप 'बायनरी' आहे ना ते बघा. 'आस्की'मध्ये (साध्या मजकुरासाठीचा टाइप) ड्रॉइंगची फाइल खराब होते.

अडलेच तर लॉग कॉपी करून पाठवा, स्क्रीनचा फोटो नको. २२७ ची ओळ त्यात हवीच.